जुन्या टॅक्स क्रेडिटचं देणं आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज: दोन्ही एकदम कसं निभावायचं

ब्रिटनमधल्या आपल्या बऱ्याच घरांत तपकिरी पाकीट आलं की ते न उघडता फ्रिजवर जातं. त्यावर शाळेचं पत्र, त्यावर पिझ्झावाल्याचं पत्रक, आणि महिने निघून जातात. मंडळातल्या लोकांची अशी पाकिटं उघडून वाचून द्यायचं काम मी काही वर्षं हौसेनं करते आहे. सगळ्यात जास्त घाबरलेली माणसं येतात ती एकाच कारणानं: एक बेनिफिट, म्हणजे सरकारी आर्थिक मदत, बंद होऊन दुसरं सुरू व्हायचं असतं, आणि नेमकं त्याच वेळी जुन्या खात्याचं पत्र येतं की तुम्हाला आम्ही जास्त पैसे दिले होते, आता परत करा.

लेस्टरच्या एका काकूंनी असं पत्र आल्यावर काय केलं? काहीच नाही. "आधीच सरकारचं देणं आहे, त्यात नवा अर्ज केला तर पकडतील," असं त्यांना वाटलं. अर्जाची मुदत टळली. जुनं बेनिफिट बंद झालं, नवं सुरू झालं नाही, आणि देणं जिथल्या तिथे राहिलं. वर मुदतीत अर्ज केला असता तर मिळालं असतं ते संरक्षणही गेलं. म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या: देणं हा एक विषय आहे आणि नवा अर्ज हा दुसरा. देणं असलेल्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे जुन्या बेनिफिटांच्या जागी आलेलं नवं बेनिफिट, नाकारत नाहीत. उलट देणं थोडं थोडं फेडायची सोयच त्यातून होते.

आधी जरा मागचं

टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि मुलं असलेल्या घरांना मिळणारी मदत, हे एचएमआरसीचं, म्हणजे कर खात्याचं काम होतं. ते देताना मागच्या वर्षाच्या उत्पन्नावरून अंदाज बांधायचा आणि वर्ष संपल्यावर खरा हिशेब करायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे जास्तीचे पैसे जाणं हे त्या योजनेच्या हाडातच होतं. पगार वाढला, ओव्हरटाइम मिळाला, मूल शाळेतून बाहेर पडलं, पाळणाघराचा खर्च कमी झाला आणि कळवायला उशीर झाला, की पुढच्या वर्षी पत्र ठरलेलं. प्रामाणिक माणसांनाही ते येत असे. त्यामुळे असं ओव्हरपेमेंट (जास्तीचे आलेले पैसे) म्हणजे आपण काही गुन्हा केला, असं मनात धरून बसू नका.

५ एप्रिल २०२५ ला टॅक्स क्रेडिट कायमचं बंद झालं. युनिव्हर्सल क्रेडिट हे दुसऱ्या खात्याचं, डीडब्ल्यूपीचं, म्हणजे काम आणि पेन्शन खात्याचं. टॅक्स क्रेडिटसकट सहा जुनी बेनिफिट त्यात सामावली: चाइल्ड टॅक्स क्रेडिट, वर्किंग टॅक्स क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, इन्कम सपोर्ट, आणि उत्पन्नावर आधारलेले जॉबसीकर्स अलाउन्स (बेकारांचा भत्ता) व ईएसए (आजारपण-अपंगत्वामुळे काम न झेपणाऱ्यांचा भत्ता). योजना बंद झाली तरी तिचं देणं बुडत नाही. ते एचएमआरसीकडून डीडब्ल्यूपीकडे सरकतं. चार-पाच वर्षांपूर्वीच्या टॅक्स क्रेडिटची कपात आज अचानक युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये दिसते, ती यामुळेच.

पायरी पहिली: देणं नक्की कोणाचं?

पत्र हातात घ्या आणि आकड्याकडे बघण्याआधी वरचं खात्याचं नाव बघा. शक्यता तीन असतात. एचएमआरसी असेल तर टॅक्स क्रेडिट. डीडब्ल्यूपी असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट, ईएसए, केअरर्स अलाउन्स (आजारी-अपंग माणसाची काळजी घेणाऱ्यांचा भत्ता) वगैरे, किंवा एचएमआरसीकडून सरकून आलेलं जुनं टॅक्स क्रेडिट. आणि काउन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, असेल तर हाउसिंग बेनिफिट (भाड्याची मदत). तिघांचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या, फोन वेगळे. जॉबसेंटरमध्ये, म्हणजे डीडब्ल्यूपीच्या स्थानिक कचेरीत, जाऊन हाउसिंग बेनिफिटच्या देण्याबद्दल वाद घालणं म्हणजे पोस्टात जाऊन विजेचं बिल कमी करून मागण्यासारखं आहे.

एचएमआरसी देणं पुढे पाठवते तेव्हा 'टीसी ११३१' नावाचं पत्र येतं. त्यात कुठल्या वर्षाचे किती पैसे डीडब्ल्यूपीकडे जाणार ते लिहिलेलं असतं. हे पत्र जपून ठेवा, कारण नंतर डीडब्ल्यूपीला विचारलं तर त्यांच्याकडे बहुतेक वेळा नुसता आकडा असतो, त्यामागचा हिशेब नसतो. हिशेब मागायचा तो एचएमआरसीकडेच.

पत्र हरवलं असेल, किंवा कधी आलंच नसेल, तर 'सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट' करा. आपल्याबद्दल खात्याकडे असलेली माहिती मागण्याचा हा हक्क आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. फोनच्या नोंदीसुद्धा त्यात मागता येतात. "मी २०२१ मध्ये फोन करून सांगितलं होतं" हे आपलं म्हणणं असेल, तर त्या नोंदीच कामाला येतात.

पायरी दुसरी: नवा अर्ज थांबवू नका

जुनं बेनिफिट बंद करून युनिव्हर्सल क्रेडिटकडे या, असं सांगणारं जे पत्र येतं त्याला 'मायग्रेशन नोटिस' म्हणतात. त्यावर तीन महिन्यांनंतरची एक तारीख असते. त्या तारखेच्या आत अर्ज केला आणि नवी रक्कम जुनीपेक्षा कमी भरत असेल, तर फरक भरून काढणारी वरची रक्कम मिळते. याला 'ट्रान्झिशनल प्रोटेक्शन' म्हणतात. तारीख हुकली तरी पुढच्या एका महिन्यात अर्ज केल्यास हे संरक्षण वाचतं. त्यानंतर नाही. शिवाय पत्राची वाट न बघता आपणहून आधीच अर्ज केला, तरीही ते मिळत नाही.

पत्र टॅक्स क्रेडिटचं होतं आणि तुम्ही युनिव्हर्सल क्रेडिट घेतलंच नाही, तर देणं मागायला एचएमआरसी थेट तुमच्याकडे येते. एकरकमी मागतात, पण फोन करून हप्ते बांधून घेता येतात.

अर्ज केल्यापासून पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात. एक महिन्याचा हिशेबाचा काळ आणि त्यावर सात दिवसांपर्यंत. या पाच आठवड्यांसाठी 'अ‍ॅडव्हान्स' देऊ करतात. नीट समजून घ्या, ही उसनवारी आहे. बिनव्याजी आहे, पण २४ महिन्यांत फेडावी लागते, आणि ती फेड तुमच्या जुन्या देण्याच्या जोडीला त्याच पैशांतून कापली जाते. ज्यांच्यावर आधीच ओव्हरपेमेंट आहे त्यांना मी सांगते: पूर्ण रक्कम देतात म्हणून पूर्ण घेऊ नका. भाडं आणि वाणसामान भागेल एवढीच घ्या. अर्थात घरात काहीच शिल्लक नसेल तर संकोचही करू नका. क्रेडिट कार्डावर किराणा भरण्यापेक्षा हे बरं.

हाउसिंग बेनिफिट, इन्कम सपोर्ट किंवा उत्पन्नावर आधारलेलं ईएसए अथवा जॉबसीकर्स अलाउन्स चालू असेल, तर अर्जानंतर दोन आठवडे ते आणखी मिळत राहतं. हे पैसे परत करायचे नसतात. दोन जणांनी मला "चुकून जास्त आले" म्हणून ते बाजूला काढून ठेवलेले दाखवले आहेत. खर्च करा, तुमचेच आहेत. टॅक्स क्रेडिटला मात्र ही दोन आठवड्यांची सवलत नव्हती.

पायरी तिसरी: आकडा मान्य करण्याआधी तपासा

इथे थोडा वेळ घालवा, कारण पैसे वाचतात ते इथेच. त्या वर्षाचा पी ६० (वर्षभराचा पगार आणि कर दाखवणारा मालकाचा कागद), पाळणाघराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि एचएमआरसीची 'अ‍ॅवॉर्ड नोटिस' (किती मिळणार हे सांगणारं पत्र) समोर मांडा. तीन गोष्टी बघा: उत्पन्न बरोबर धरलंय का, मुलांच्या तारखा बरोबर आहेत का, आणि जोडीदाराची नोंद बरोबर आहे का.

यानंतर दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक नेहमी चुकीचा धरतात. 'आकडाच चुकीचा आहे' असं म्हणणं असेल तर 'मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन', म्हणजे निर्णयाचा फेरविचार मागायचा. टॅक्स क्रेडिटसाठी त्याची मुदत निर्णयाच्या तारखेपासून ३० दिवस. फेरविचारातही नाही म्हणाले तर स्वतंत्र ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. त्याला फी नाही. पण 'आकडा बरोबर असेल, चूक मात्र तुमची होती, मी वेळेवर कळवलं होतं' असं म्हणणं असेल, तर रस्ता वेगळा. त्यासाठी 'टीसी ८४६' हा तक्रारीचा फॉर्म, आणि मुदत तीन महिने. त्यात तीन गोष्टी तारखांसकट दाखवायच्या: मी कळवलं, मी नोटिस वाचून चूक लक्षात आणून दिली, आणि त्यांनी आपलं काम केलं नाही. तक्रार चालू आहे म्हणून वसुली थांबेल असं धरून मात्र चालू नका.

मुदत टळून गेली असेल तर आजारपण, घरातला मृत्यू, पत्रच न मिळणं अशी खरी कारणं देऊन फेरविचार उशिरानेही मागता येतो. त्यालाही साधारण १३ महिन्यांची शेवटची सीमा आहे. त्यामुळे पाकीट फ्रिजवर ठेवू नका हे मी तिसऱ्यांदा सांगते.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. समजा नवरा-बायको वेगळे झाले आणि ते कळवायला आठ महिने लागले. एचएमआरसी त्या आठ महिन्यांचे जोडप्याचे सगळे पैसे परत मागते. पण त्या बाईनं तेव्हाच एकटीचा अर्ज केला असता तर तिला काहीतरी मिळालंच असतं. ते 'मिळालं असतं' एवढे पैसे देण्यातून वजा करून मागता येतात. मागितले नाहीत तर आपणहून वजा होतील याचा भरवसा नाही. हजारोंचं देणं शेकड्यांवर आणणारी ही एक ओळ आहे. काउन्सिलच्या हाउसिंग बेनिफिटमध्येही असाच नियम आहे: त्या काळात खरी माहिती कळली असती तर जेवढा हक्क होता, तेवढा वजा करायलाच हवा.

वेगळ्या झालेल्या जोडप्याचं जुनं देणं दोघांच्या नावावर असतं. अशा वेळी एचएमआरसीला आपला पत्ता आणि वेगळे झाल्याची तारीख कळवा. साधारणपणे प्रत्येकाकडे निम्मं मागतात. भारतात परत गेलेल्या माजी नवऱ्याचंही देणं मुकाट फेडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तेव्हा आधी विचारा.

पायरी चौथी: महिन्याला किती कापतील?

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एक मूळ रक्कम असते, 'स्टँडर्ड अलाउन्स'. २०२५-२६ मध्ये ती २५ वर्षांवरच्या एकट्या माणसाला महिना ४००.१४ पौंड आणि जोडप्याला ६२८.१० पौंड होती. दर एप्रिलमध्ये ती बदलते. पूर्वी या मूळ रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत कपात होई. ३० एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १५ टक्के झाली. म्हणजे २०२५-२६ च्या दरानं एकट्याला साधारण ६० पौंड, जोडप्याला ९४ पौंड. या मर्यादेत ओव्हरपेमेंट, अ‍ॅडव्हान्स वगैरे सगळं मिळून बसवायचं असतं. थकलेलं भाडं किंवा वीज-गॅस यांसाठीची शेवटच्या उपायाची कपात कधी कधी हिच्याही पुढे जाऊ शकते.

त्याच दरानं ढोबळ हिशेब करून बघू. जोडपं, जुनं देणं २,३४० पौंड, नवा अ‍ॅडव्हान्स ९०० पौंड. अ‍ॅडव्हान्सचे महिन्याला ३७.५० गेले की ९४.२१ मधले ५६.७१ जुन्या देण्याला उरतात. २४ महिन्यांत त्यातले १,३६१ फिटतात. मग अ‍ॅडव्हान्स संपतो आणि राहिलेले ९७९ पौंड पूर्ण ९४ च्या गतीनं आणखी ११ महिन्यांत जातात. म्हणजे ३५ महिने, जवळजवळ तीन वर्षं. या देण्यावर डीडब्ल्यूपी व्याज लावत नाही. त्यामुळे लवकर फेडायचं म्हणून बँकेचं कर्ज काढणं किंवा मावशीकडून उसने घेणं यात काहीच शहाणपण नाही. तीन वर्षं तर तीन वर्षं.

कपात किती आणि कशाची, हे दर महिन्याच्या ऑनलाइन स्टेटमेंटमध्ये वेगळं दिसतं. पहिल्या तीन महिन्यांत ते उघडून बघाच. एकच देणं दोनदा, म्हणजे इकडे एचएमआरसीच्या जुन्या हप्त्यानं आणि तिकडे युनिव्हर्सल क्रेडिटमधून कापलं जातंय असं दिसलं, तर लगेच दोन्हीकडे कळवा. एचएमआरसीबरोबर हप्ते बांधलेले असतील तर देणं पुढे सरकल्याचं पत्र आल्यावरच ते थांबवा, आधी नाही.

पायरी पाचवी: झेपत नसेल तर कमी करून मागा

हे जॉबसेंटरच्या वर्क कोचच्या, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या, हातात नसतं. जर्नलमध्ये, म्हणजे ऑनलाइन खात्यातल्या निरोपांच्या वहीत, कितीही विनवण्या लिहिल्या तरी उत्तर येतं: 'डेट मॅनेजमेंट'ला, म्हणजे डीडब्ल्यूपीच्या वसुली विभागाला, फोन करा. त्यांचा नंबर पत्रावर असतो. इंग्रजीत अडखळत असाल तर सुरुवातीलाच दुभाषी मागा. मराठीचा मागा, मिळेपर्यंत थांबा. हिंदीचा देतो म्हणाले आणि तुम्हाला चालत असेल तर ठीक, पण आकड्यांच्या बोलण्यात अर्धवट कळणारी भाषा नको. आठवीतल्या मुलाला फोनवर बसवू नका. त्या पोरानं आईच्या देण्याचा हिशेब का ऐकायचा?

फोनच्या आधी एका कागदावर महिन्याचा जमाखर्च मांडा. भाडं, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस, पाणी, बसचा पास, मोबाइल, वाणसामान, मुलांचे बूट, औषधं, इतर कर्जांचे हप्ते. खरे आकडे लिहा. आपल्याकडे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, लाजेपोटी वाणसामानाचा आकडा कमी सांगतात. चार माणसांचं घर दीडशे पौंडांत चालत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि तुम्ही कमी सांगितलं की 'मग तुमच्याकडे शिल्लक आहे' असा अर्थ निघतो. दुसरी, आईवडिलांना गावी पाठवायचे पैसे. ते अत्यावश्यक खर्चात धरतील अशी आशा ठेवू नका. लपवू नका, पण त्यावर विनंती उभी करू नका.

मग बोलायचं ते एवढंच: माझी कपात इतकी आहे, ती गेल्यावर घरखर्चाला इतके कमी पडतात, मी महिन्याला इतके देऊ शकते, माझी परिस्थिती अडचणीची धरून दर कमी करा. आकडा तुम्ही सांगा, त्यांना विचारू नका. कोणाशी बोललात, कधी, काय ठरलं, हे लगेच लिहून ठेवा आणि तेच दोन ओळींत जर्नलमध्येही टाका. कमी केलेला दर कायमचा नसतो. काही महिन्यांनी पुन्हा बघतात, तेव्हा तोच कागद कामी येतो.

पूर्ण माफीही मागता येते. तिला 'वेव्हर' म्हणतात. ती सहज मिळत नाही, पण मागायला बंदी नाही. लेखी मागायची, आणि त्यात घरची आर्थिक ओढाताण, वसुलीमुळे प्रकृतीवर होणारा परिणाम, चूक कोणाची होती, आपण ते पैसे कुठल्या विश्वासानं खर्च केले, हे सगळं कागदपत्रांसह लिहायचं. डॉक्टरचं पत्र असेल तर फार बरं.

याला एक कायदेशीर पदर आहे, तो थोडक्यात सांगते. ईएसए किंवा केअरर्स अलाउन्ससारख्या जुन्या घडणीच्या बेनिफिटमध्ये, तुम्ही काही चुकीचं सांगितलं किंवा सांगायचं राहिलं असेल तरच साधारणपणे वसुली करता येते. हाउसिंग बेनिफिटमध्ये, चूक खात्याची असेल आणि जास्त येतंय हे तुम्हाला कळण्यासारखं नसेल तर वसुली करता येत नाही. तिथे काउन्सिलकडे एका महिन्यात अपील करायचं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मात्र चूक पूर्णपणे खात्याची असली तरी पैसे परत मागता येतात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. पण २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं एका बाईच्या बाजूनं निकाल दिला: तिनं पुन्हा पुन्हा विचारलं होतं, 'हे पैसे तुमचेच' असं तिला सांगितलं गेलं होतं, आणि तरी वसुली लावली, ती बेकायदा ठरली. म्हणून शंका आली की जर्नलमध्ये लेखी विचारा आणि आलेल्या उत्तराचा फोटो काढून ठेवा.

बेनिफिट सुटलं आणि नोकरी लागली तर देणं मागे राहत नाही. डीडब्ल्यूपी कोर्टात न जाता थेट मालकाला पगारातून कापायला सांगू शकते. एरवी पगाराच्या २० टक्क्यांपर्यंत, काही प्रकरणांत ४० पर्यंत. मालकाला कळू नये असं वाटत असेल तर त्याआधी स्वतः फोन करून हप्ता बांधा. कर्जं चहूकडून अंगावर आली असतील तर इंग्लंड-वेल्समध्ये ६० दिवसांची 'ब्रीदिंग स्पेस' (तगाद्यापासून तात्पुरती सुटका) आणि 'डेट रिलीफ ऑर्डर' (कर्जमुक्तीचा आदेश) हे मार्ग आहेत. लबाडीतून न झालेलं ओव्हरपेमेंट या ऑर्डरमध्ये घालता येतं. त्यासाठी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइनकडे जा. तिथे फुकट काम होतं. फी मागणाऱ्या 'सल्लागारा'कडे जाऊ नका, तो आपल्याच मंडळाचा असला तरी.

आणि लबाडीच्या संशयावरून चौकशीसाठी 'इंटरव्ह्यू अंडर कॉशन'ला बोलावणं आलं, तर तो वेगळाच विषय झाला. सॉलिसिटरशिवाय आत जाऊ नका.

पायरी सहावी: नवं देणं होऊ देऊ नका

खरं सांगायचं तर मला भीती जुन्या देण्याची नसते, नव्याची असते. टॅक्स क्रेडिटच्या सवयी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये चालत नाहीत, आणि आपल्या लोकांचा पाय नेमका तीन ठिकाणी घसरतो.

पहिली जागा, भारतातली एफडी. टॅक्स क्रेडिटमध्ये बचतीला मर्यादाच नव्हती, फक्त व्याज उत्पन्नात धरत. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ठेवच मोजतात, आणि ती जगात कुठेही असली तरी. ६,००० पौंडांपर्यंत काही नाही. त्यावर प्रत्येक २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न धरतात. १६,००० च्या वर गेलात की हक्कच नाही. नगरच्या बँकेतल्या एफडीचे ९,००० पौंड होत असतील तर महिन्याला ५२.२० पौंड कमी. नाशिकला घेऊन ठेवलेला फ्लॅट, ज्यात तुम्ही राहत नाही, तोही यात येतो: त्याच्या किमतीतून कर्ज आणि विक्रीखर्चाचे १० टक्के वजा करून. टॅक्स क्रेडिटवरून मायग्रेशन नोटिसनं आलेल्यांना १६,००० च्या वरची रक्कम पहिल्या बारा हिशेब-महिन्यांसाठी आड येत नाही. तेराव्या महिन्यात काय करायचं ते बाराव्यातच ठरवा. "तिकडचं इकडे कोणाला कळतंय" हे वाक्य मी फार ऐकते. ते बोलणाऱ्यांपैकी काही जण नंतर पत्र घेऊन आले आहेत.

दुसरी जागा, भारतवारी. टॅक्स क्रेडिटमध्ये आठ आठवड्यांपर्यंत बाहेर राहता येई, त्यामुळे शाळेच्या सुट्टीत सहा आठवडे पुण्याला हे घराघरांतलं गणित होतं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मर्यादा एक महिना. त्यातली खोच अशी की मुळात एक महिन्याहून जास्त राहायचं ठरवूनच गेलात, तर पहिल्या दिवसापासून हक्क जातो. सहा आठवड्यांचं परतीचं तिकीट हाच त्यांचा पुरावा. जवळचं कोणी वारलं आणि लगेच परत येणं शक्य नसेल तर ही मुदत आणखी एका महिन्यानं वाढू शकते. जाण्याआधी जर्नलमध्ये तारखा लिहा. हाउसिंग बेनिफिट अजून चालू असलेल्यांना देशाबाहेर चार आठवडेच आहेत, आणि पेन्शन क्रेडिटवरच्या (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांची मदत) आजी-आजोबांनाही तेवढेच. आजी सहा महिने साताऱ्याला राहून आल्या आणि मग पत्र आलं, ही गोष्ट मला दर वर्षी कोणीतरी सांगतं.

तिसरी जागा, जोडीदाराचा व्हिसा. ज्यांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असतं त्यांना ही बेनिफिट मिळत नाहीत. पण नवरा ब्रिटिश आणि बायको नुकतीच लग्नाच्या व्हिसावर आलेली, अशी घरं आपल्यात भरपूर आहेत. टॅक्स क्रेडिटमध्ये अशा जोडप्याला एकत्र अर्ज करता येई. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नवऱ्याला एकट्याच्या दरानं मिळतं, पण बायकोचा पगार आणि बचत मात्र हिशेबात धरतात. 'एकट्याचा दर आहे म्हणजे मी एकटा आहे' असं समजून बायकोची माहिती न देणं ही मोठी चूक होते. ती घरात आहे हे पहिल्या दिवसापासून सांगायचं. सांगितल्यानं तिच्या व्हिसावर बट्टा लागत नाही, कारण पैसे तिच्या नावानं मिळतच नाहीत. तरी व्हिसाची मुदतवाढ तोंडावर असेल तर इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारून घ्या, मला नको.

याशिवाय किरकोळ: पगाराची माहिती मालकाकडून आपोआप जाते, पण स्वतःचा धंदा असेल, टिफिनचे डबे करत असाल, तर दर महिन्याला आकडे तुम्ही भरायचे. घर बदललं, भाडं बदललं, मुलगा कॉलेज सोडून नोकरीला लागला, की त्याच आठवड्यात जर्नलमध्ये. निष्काळजीपणानं माहिती न दिल्याबद्दल ५० पौंडांचा वेगळा दंडही लावू शकतात, तो ओव्हरपेमेंटच्या वर.

लेस्टरच्या काकूंचं काय झालं ते राहिलंच. पत्रं वर्षवार लावली तेव्हा असं निघालं की त्यांच्या देण्यातला बराच भाग काकांपासून वेगळं झाल्यानंतरच्या महिन्यांचा होता. 'तेव्हा एकटीला मिळालं असतं ते वजा करा' असं पत्र एचएमआरसीला गेलं. उत्तर यायला वेळ लागला, पण देणं निम्म्याखाली आलं. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज आम्ही त्याच दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून भरला, फोनवर, चहा निवेपर्यंत. हुकलेलं संरक्षण मात्र परत मिळालं नाही. आता पाकिटं फ्रिजवर जात नाहीत, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जातात, आणि दर रविवारी त्या मला फोन करून विचारतात, "अगं, आज उघडू का?"